कडी लावायची, उघडायची नाही

आमच्या घराला गच्ची आहे, हे मी आल्यागेल्याला दोनदा सांगायचे. एकदा बसा म्हणताना आणि एकदा चहा हातात देताना. गोडदेवला पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट, खाली दुकानं, आणि दुकानांच्या डोक्यावर ही आमची उघडी गच्ची. दादरच्या दोन खोल्यांत चोवीस वर्षं काढल्यावर ह्यांना नि मला दुसरं काही दिसलंच नाही. हॉल केवढा, किचन केवढं, कुणी बघितलं! एजंटने दार उघडलं, मी बाहेर पाऊल टाकलं आणि ह्यांना म्हटलं, "हेच." हे वारले त्याला आता सहा वर्षं झाली. मुलाचं लग्न नंतर झालं, मग मुलगा, सून आणि मी असे तिघं राहायला लागलो.

रिटायर झाल्यावर मी त्या गच्चीत जगले असं म्हटलं तरी चालेल. एक वेताची खुर्ची, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत कढीपत्ता, गवती चहा, ओवा, एक हट्टी मोगरा. सकाळचा चहा तिथे, पेपर तिथे, दुपारी तांदूळ निवडायचे तेही तिथेच. रविवारी संध्याकाळी माझ्या मैत्रिणीचा फोन यायचा, तोही तिथेच बसून घ्यायचा. ती मूळची डोंगरीची, मुंबईतली नव्हे, आमच्या इथून बसने जायचं ते डोंगरी गाव. तीस वर्षं ऑफिसात आमची टेबलं शेजारी शेजारी होती, आणि रिटायर झाल्यावर ती तिच्या गावच्या घरी पूर्णवेळ राहायला गेली. महिन्यातून एकदा मी बस पकडून तिच्याकडे जायचे, दिवसभर ओट्यावर बसायचे, तिच्या हातचं कालवण खायचे आणि अंधार पडायच्या आत परत. ओट्यावरची एक खुर्ची माझीच म्हणून ठेवलेली.

मग नातू झाला. तो सहा महिन्यांचा होईपर्यंत सून घरी होती. तिची कामावर जायची वेळ आली तेव्हा एक दिवस ती चाचरत म्हणाली, "आई, पाळणाघर बघून ठेवू का एखादं? अर्धा दिवस तरी?"

मी अशी काही भडकले! "मी घरात धडधाकट असताना माझा नातू पाळणाघरात? लोक काय म्हणतील?" लोकांना काय पडलं होतं देव जाणे. पण मी बोलून गेले, आणि सुनेचे डोळे भरून आले. मुलगा म्हणाला, "आई, तू ग्रेट आहेस." त्या एका वाक्यावर मी सकाळी आठ ते रात्री आठ अशी नोकरी पत्करली. तिला ना रजा, ना राजीनामा. स्वतःच्या तोंडाने पत्करली, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही.

नऊ-दहा महिन्यांचा होईपर्यंत बरं चाललं. ठेवला तिथे राहायचा. पण एकदा रांगायला लागला आणि पहिली धाव कुठे, तर गच्चीत. आमच्या गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा, त्याच्यावर दोन आडवे पाइप, आणि खाली पार्किंगची फरशी. इतकी वर्षं मी त्या कठड्याला टेकून उभी राहायचे, कधी मनात काही आलं नाही. त्या दिवशी ते पोर कठड्याला धरून उभं राहिलं आणि दोन पाइपांच्या मधून त्याने खाली बघितलं. मी झडप घालून त्याला उचललं आणि आत आणून दार लावलं.

मग मी कामाला लागले. मुलगा ऑफिसातून मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा, मुलांसाठी घर सुरक्षित कसं करावं म्हणून. मला व्हिडिओची गरज नव्हती. मी देवापुढचा नारळ उचलला आणि गच्चीत गेले. नारळ म्हणजे साधारण पोराचं डोकं. जिथून नारळ जाईल तिथून डोकं जाईल, डोकं गेलं की मागून पोर जाईल. पाइपांमधून नारळ गेला. कठड्याच्या कोपऱ्यात पाणी जायला भोक होतं तिथून नाही गेला, पण अडकला, तेही वाईटच. सून संध्याकाळी आली तर तो नारळ घेऊन मी अजून गच्चीतच.

दुसऱ्याच दिवशी लोखंडी ग्रिल करून घ्यायला फॅब्रिकेटरला बोलावलं. केबिन रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं दुकान. माझ्याच वयाचा माणूस, दाढी पांढरी, बोलणं कमी. त्याने माप घेतलं, म्हणाला, "आंटी, चार इंच का गॅप रखता हूं, सब जगह वही चलता है." मी म्हटलं, "नहीं चलेगा." आत जाऊन वाटी आणली. वरणाची, लहान. म्हटलं, "इसमें से ये वाटी नहीं जानी चाहिए." तो वाटीकडे बघतच राहिला. "आंटी, ये किसका सिर है?" मी हसले नाही. मला हसू येत नव्हतं तेव्हा कशाचंच.

निघताना त्याने आणखी एक विचारलं होतं. "ग्रिल में खिडकी रखूं? छोटी सी, ताला लगाने वाली. सब लोग रखते हैं. कल को आग-वाग लगी, तो निकलने का रास्ता रहता है." मी त्याला गप्पच केला. खिडकी म्हणजे भोक, म्हटलं. आज कुलूप आहे, उद्या कुणी लावायला विसरलं तर? "खिडकी नहीं चाहिए. पूरा बंद करो." तो दोनदा म्हणाला, सोच लो आंटी. मी दोनदा नाही म्हटलं.

तर असं ते बंद झालं. तिन्ही बाजूंनी आणि वरूनसुद्धा, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बाईंच्या खिडकीतून कपड्यांचे चिमटे पडायचे, आणि त्यावरून आमचं एकदा चांगलं वाजलं होतं. चिमटा पोराच्या डोळ्यात गेला असता तर? हे मी त्यांना ओरडूनच विचारलं, तेव्हापासून बोलणं बंद. जिन्यात भेटल्या की त्या मोबाइल बघायच्या आणि मी भिंत. बादल्या चढायला सोप्या, म्हणून सगळ्या एका कोपऱ्यात ग्रिलला तारेने बांधल्या. मोगरा त्यात मेला. खाली हिरवी कृत्रिम लॉन अंथरली, नळाला फडकं गुंडाळलं, वेताची खुर्ची त्याला वर चढता येते म्हणून माळ्यावर गेली. सगळं झाल्यावर मुलाने फोटो काढले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. खाली सगळ्यांचे अंगठे. फोटोत मी ग्रिलच्या आत पोराला कडेवर घेऊन उभी आहे. तो फोटो मला कधी आवडला नाही.

आता खरं सांगते. मला राग यायचा. दुपारी तो झोपला नाही की राग यायचा, जेवताना थुंकला की राग यायचा. मुलगा-सून संध्याकाळी येऊन त्याला उंच उचलून हसवायचे तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात जायची, कारण दिवसभराचं रडं माझं आणि हसू त्यांचं. पोरावर कधी रागावले नाही असं म्हणायची पद्धत आहे आजीने. मी रागवायचे. त्याच्यावरसुद्धा. आणि मग त्याने मांडीवर येऊन माझ्या बांगड्या मोजल्यासारखं केलं की स्वतःची अशी लाज वाटायची की विचारू नका. डोंगरीला जाणं तर बंदच झालं. रविवारी जावं तर सून म्हणायची, "आई, आज जरा त्याला बघाल? आठवड्याचं सगळं आजच करायचंय." मी हो म्हणायचे. मैत्रीण फोनवर म्हणायची, "तुझी खुर्ची हाय तशीच हाय. येतेस कधी?" मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. असे पुढचे महिने किती गेले!

आता कडीचं सांगते, कारण सगळं त्या कडीवर आलं.

गच्चीचं दार ॲल्युमिनियमचं आहे, वरपासून खालपर्यंत काच. पोर चालायला लागल्यावर दाराला आतून कडी हवी होती. मुलाने वर लावली, अगदी वर. आणि माझा उजवा खांदा धरलेला, हात डोक्याच्या वर जात नाही. दोन दिवस मी स्टूल घेऊन ती कडी लावली, तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावून कमरेएवढ्या उंचीवर दुसरी लावून घेतली. मुलाने विचारलं तेव्हा म्हटलं, "वरची आहेच की, ही आपली असावी म्हणून." वरची मी पुन्हा कधी लावली नाही.

खालच्या कडीपर्यंत नातवाचा हात पोचायला लागला तेव्हा मी काय करावं? कडी वर घ्यावी? छे. मी त्याला शिकवलं. "कडी कोण लावणार?" "मी!" "उघडायची का?" "नाय!" "का नाही?" "पलतो!" पडतो म्हणजे बाहेर गेलं की पडतो. हा आमचा दिवसातून वीस वेळचा खेळ. दार उघडं दिसलं की तो जाऊन ढकलायचा, दोन्ही हातांनी खट्‌कन कडी सारायचा आणि टाळ्या पिटायचा. उघडायला म्हणून कधी हात लावला नाही. एकदा लावला होता, तेव्हा मी हातावर अशी चापट मारली की बोटं उमटली. पुन्हा नाही लावला. पाहुणे आले की मी हे करून दाखवायला लावायचे. शहाणं ग माझं बाळ ते, कुणाकुणाला म्हणून सांगितलं असेल!

त्या गुरुवारी तो अडीच वर्षांचा होता. सकाळचे अकरा वाजले असतील. कुकर मंद गॅसवर ठेवला होता, फोडणीला कढीपत्ता हवा म्हणून मी गच्चीत गेले. दोन मिनिटांचं काम. बादली तारेने बांधलेली, त्यामुळे वाकून पलीकडच्या बाजूची पानं तोडावी लागायची. मी वाकलेली होते आणि मागून खट्‌ आवाज आला.

मी वळले तर काचेपलीकडे पोर टाळ्या वाजवत होतं.

पहिल्यांदा मला हसूच आलं. म्हटलं, "अरे माकडा, आजी बाहेर आहे. उघड." तो हसला. "राजा, कडी उघड." त्याने मान हलवली. अगदी मन लावून, मी हलवते तशी. "नाय. पलतो."

"नाही पडत. आजी सांगते ना, उघड."

"कली उघलायची नाय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू परीक्षा चाललीय आणि तो पहिला येणार आहे.

तेव्हा कुकरची शिट्टी झाली, आणि माझ्या लक्षात आलं की मी कुठे आहे आणि तो कुठे आहे. मोबाइल आत टेबलावर. शेजारी चावी आहे, पण बाहेरच्या दाराला आतून वरची साखळी, कारण लॅच फिरवायला तो शिकला होता म्हणून ती मीच लावायला लावली होती, आणि सकाळी हे दोघं गेले की स्टूलवर चढून, डाव्या हाताने, न चुकता लावायचे. किचनच्या दाराला बुटकं लाकडी फाटक, पण ते काय, स्टूल ढकलत नेलं की पलीकडे. आणि पलीकडे पेटता गॅस. गच्चीला तिन्ही बाजूंनी आणि डोक्यावर लोखंड, वाटीसुद्धा जाणार नाही असं. एक खिडकी असती! मी दोन्ही हातांनी ग्रिल धरून हलवली. चांगलं काम केलं होतं त्याने. हललीसुद्धा नाही.

मी ओरडले. खाली पार्किंगमध्ये दुपारपर्यंत कुणी नसतं. दुकानांची तोंडं पलीकडच्या रस्त्याला, तिथे हॉर्नच्या वर कुणाचा आवाज जातोय! शेवटी मी वर तोंड केलं आणि जिच्याशी मी बोलत नव्हते तिला हाक मारली. "भाभी! ओ भाभी!" लाज वगैरे काही नाही. तिसऱ्या हाकेला खिडकीत डोकं आलं. "मासी? क्या हुआ?"

मी सांगितलं. बाईने एक शब्द जास्त विचारला नाही. धावत खाली गेली, शेजाऱ्यांकडून चावी घेतली, दार ढकलून बघितलं, साखळी होतीच. मला आतून बेल ऐकू आली आणि पोर बेलच्या दिशेने धावलं, तशी मी काचेवर थापा मारायला लागले. कारण दाराकडे जायचा रस्ता किचनवरून. "इकडे ये! राजा, आजी बघ काय करते!" तो थांबला. मी काचेला नाक लावून दाबलं, चपटं केलं. तो परत आला.

भाभी पुन्हा वरच्या खिडकीत. "ग्रिलवाले को फोन किया. आता है. आप बच्चे को वहीं पकड़ के रखो."

पकडून ठेवा म्हणे! मधे काच. काच फोडावी म्हणून मी बादलीवरचा दगड उचलला होता, पण पोर काचेला चिकटलेलं, आणि लांब हो म्हटलं की ते लांब म्हणजे किचनकडेच जाणार. दगड ठेवला. मग पाऊण तास मी त्या काचेमागे जे केलं ते माझ्या शत्रूनेही करू नये. पदर डोक्यावर घेऊन भॉ केलं. माकड झाले, मांजर झाले, धरलेल्या खांद्यासकट मोर झाले. हसून हसून गाल दुखायला लागले आणि कान सगळा कुकरकडे. तिसरी शिट्टी. चौथी. पाचवी. मग शिट्ट्या थांबल्या, आणि ते जास्त भयंकर होतं, कारण याचा अर्थ आतलं पाणी संपलं. थोड्या वेळाने करपल्याचा वास दाराच्या फटीतून बाहेर आला. पोराने नाक वर केलं. "वाश," म्हणाला, आणि किचनकडे वळला.

"नको जाऊ!" मी किंचाळले. खेळाचा आवाज नव्हता तो. तो दचकला, ओठ काढला, रडायच्या बेताला आला. मी मटकन खाली बसले त्या हिरव्या लॉनवर आणि मलाच रडू फुटलं. खरंखुरं, नाक वाहणारं. काय करणार होते दुसरं?

आणि तो परत आला. माझ्यासमोर, काचेपलीकडे, मांडी घालून बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ललायचं नाय. शहानी आजी. तिकलेच बशायचं हं. हात नाय लावायचा." मग त्याच्या मुठीत सकाळपासूनचं एक बिस्कीट होतं, ते त्याने दाराखालच्या फटीत घातलं. फट केवढीशी, बिस्किटाचा चुरा झाला. चुरा बोटाने ढकलत ढकलत त्याने माझ्याकडे दिला. "खा," म्हणाला. "मग फिलायला जाऊ."

एकूण एक शब्द माझा होता. दिवसभर मी त्याला जे सांगते ते. बस तिथेच, हात नाही लावायचा, खा, मग फिरायला जाऊ. फिरायला आम्ही कधीच जायचो नाही, कारण दोन जिने उतरायला माझे गुडघे आणि रस्त्यावर रिक्षा. मी तो चुरा बोटाने उचलून खाल्ला. त्याचं समाधान झालं.

फॅब्रिकेटर मागच्या बाजूने शिडी लावून आला. हत्यार ग्रिलमधून माझ्या हातात देता येईना, तेवढी फटच नव्हती. वाटी त्याच्या लक्षात असणार. "मेरा माल है, आंटी," एवढंच म्हणाला, "मुझे मालूम है कहां से कटेगा." भाभीने वरच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड दोरीने खाली सोडला, ग्राइंडर लागला, ठिणग्या उडाल्या. पोराने भोकाड पसरलं, पण जागचं हललं नाही. मी काचेवर तळवा ठेवला होता, त्याने पलीकडून त्यावर आपला ठेवला. चार गज कापून तो माणूस आत आला, दाराच्या चौकटीला ड्रिलने भोक पाडलं आणि स्क्रूड्रायव्हरने कडी सारली. मी आधी गॅस बंद केला. मग पोराला उचललं. कुकरात डाळीचा कोळसा झाला होता.

भाभीला म्हटलं, "किसी को बोलना मत." ती म्हणाली, "मैं क्यूं बोलूं, मासी." मग तिनेच मला तिच्या घरचा चहा आणून दिला. फॅब्रिकेटरने कापलेल्या जागी तात्पुरता पत्रा तारेने बांधला आणि सांगितलं, रविवारी येऊन खिडकी बसवतो. यावेळी विचारलं नाही.

मी का लपवलं? बोलले असते तर दुसऱ्या दिवशी पाळणाघर शोधलं असतं त्यांनी. मला तेच तर हवं होतं! पण असं नको होतं. आजीला सांभाळता आलं नाही म्हणून नको होतं. धरवतही नाही आणि सोडवतही नाही, अशी माझी गत. संध्याकाळी जेवताना पोरगंच बोललं, "आजी बंद. मी कली." दोघं खूप हसले. मुलगा म्हणाला, "हो का रे? आजीला कोंडलंस?" सून मला भात वाढत म्हणाली, "आई, खरंच, तुम्ही आहात म्हणून मी ऑफिसात निर्धास्त असते." मीही हसले. घास गिळला.

रविवारी सकाळी फॅब्रिकेटर खिडकीची चौकट घेऊन आला. मुलाला मी सांगून ठेवलं होतं, आगीच्या वेळी रस्ता हवा म्हणून करून घेतेय. तो चहाचा कप घेऊन गच्चीत आला, पत्रा काढलेलं ते भोक बघितलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या. "आई, हे काहीतरीच. उद्या हा चढून उघडेल. तूच तर म्हणायचीस, खिडकी म्हणजे भोक." आणि फॅब्रिकेटरकडे वळून, "चाचा, खिडकी नहीं चाहिए. पहले जैसा वेल्डिंग कर दो. पूरा बंद."

चाचाने माझ्याकडे बघितलं.

"हात लावून दाखवा त्या भोकाला!" मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या खिडकीत भाभीचं डोकं आलं. सून किचनमधून हातातल्या झाऱ्यासकट धावत आली.

"अगं आई, झालं काय?"

"मी कोंडले गेले होते इथे," मी म्हटलं. "ह्यानेच कडी लावली. मी बाहेर, हा आत, गॅस चालू. चाचांनी कापून सोडवलं मला."

मुलाचा चेहरा पांढरा पडला. कप त्याने कठड्यावर ठेवला. "कधी? आणि आम्हाला नाही सांगितलंस? किती वेळ होतीस इथे?"

पाऊण तास, असं मी सांगणार होते. शप्पथ, तेच ओठावर होतं.

"दोन वर्षं," मी म्हटलं.

मुलाला कळलं नाही. "काय दोन वर्षं?" तो म्हणाला. सुनेला कळलं. ती झारा हातात धरून तशीच उभी राहिली, आणि मग तिने नाक ओढलं. मला वाटलं आता रडणार, पाया पडणार, काहीतरी बोलणार आणि मी पुन्हा विरघळणार. पण तिने झारा कठड्यावर ठेवला. चाचांना म्हणाली, "खिडकी लगाइए. और चाबी आई के पास रहेगी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अर्ध्या दिवसाचं पाळणाघर आहे पलीकडच्या गल्लीत. मी तेव्हाच बघून ठेवलं होतं. विचारायची हिंमत नाही झाली परत."

वेल्डिंगचा वास घरभर होता तेव्हा मी साडी बदलली, पर्स घेतली. दुपारच्या आत डोंगरीला पोचता येईल असा हिशेब केला. मैत्रिणीला फोन केला नाही, खुर्ची आहेच म्हणते ना, बघूच. बाहेरच्या दाराची साखळी मुलाने वर हात करून काढून दिली. चपला घालते तर नातू धावत आला आणि त्याने दोन्ही हातांनी माझा पदर धरला.

"आजी, नाय. भाएल नाय. पलशील!"

मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. रडू येत होतं, पण थांबले नाही.

"पडले तर उठेन रे," मी म्हटलं, आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतरायला लागले.